कार्पचं सामान निवडताना सुरुवात गळापासून

कार्पच्या मासेमारीसाठी सामान घ्यायचं ठरलं की पहिला पैसा रॉडवर जातो, दुसरा रीलवर, आणि गळ, दोरी, शिसं उरल्यासुरल्या रकमेत येतं. हा क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. मासा बहुतेक वेळा सुटतो तो शेवटच्या मीटर-दोन मीटरमध्ये: बोथट गळ, कोरडी आवळलेली गाठ, खरवडलेली दोरी. भारीतला रॉड यातलं काहीच भरून काढत नाही. म्हणून माशाच्या तोंडापासून निघून काठाकडे येऊ.

गळ साधारण ४ ते ८ नंबरमधला घ्यायचा. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, इथे नवखा माणूस हमखास चकतो. १५ मिलिमीटरच्या बॉइलीला (उकडलेल्या पिठाच्या गोळीचं आमिष) ६ नंबर बहुतेक वेळा पुरतो. पाण्यात बुडालेली झाडं असतील तर जाड तारेचा ४ नंबर बरा, कारण बारीक तारेचा गळ जोर आला की उघडतो. धार तपासायला टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढायचं. रुतलं तर ठीक, घसरलं तर गळ टाकून द्यायचा. खडीच्या तळावर ही तपासणी प्रत्येक वेळी आमिष बाहेर काढल्यावर करावी लागते, कारण एकाच ओढण्यात टोक वळू शकतं. कानस मारून धार लावता येते, पण त्यात वरचा लेप निघतो आणि गळ लवकर गंजतो. तसा गळ एकदा वापरून सोडून द्यायचा. वापरलेला ओला गळ कोरड्यांच्या डबीत परत ठेवला की सगळी डबी गंजते.

कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो आमिष तोंडात ओढतो आणि संशय आला की फुंकून बाहेर टाकतो. हेअर रिगची सगळी करामत एवढ्यावर चालते: आमिष गळात न खुपसता मागे केसासारख्या धाग्यावर लटकवायचं, म्हणजे टोक उघडं राहतं. आमिष आणि गळाचं वाकण यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवा. गळ बांधायच्या नॉटलेस नॉट या गाठीत दांडीवर खाली ७-८ वेढे घेतल्यावर दोरी गळाच्या डोळ्यातून पाठच्या बाजूने आत घालून टोकाच्या बाजूने बाहेर काढायची. उलटी ओवली तर रिग दिसायला तशीच दिसते, पण ताण आल्यावर गळ ओठाकडे वळत नाही. रिगची दोरी, म्हणजे गळ आणि शिसं यांमधला तुकडा, १५ ते २० सेंटिमीटर, लेप दिलेली ब्रेड (विणलेली दोरी), २० ते २५ पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. गळाजवळचा २-३ सेंटिमीटर लेप नखाने सोलला की आमिषाला हालचाल मिळते. नायलॉनची कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच कमकुवत होते, आणि हे डोळ्यांना दिसत नाही.

शिसं ७० ते ११० ग्रॅम. एवढं जड असतं ते फक्त लांब फेकण्यासाठी नाही. टोक टोचल्यावर मासा दचकून पळतो आणि त्या वजनाच्या झटक्याने गळ स्वतःच रुततो. पण हेच शिसं दोरी तुटल्यावर माशाच्या मागे घासत राहू नये, म्हणून लीड क्लिप: शिसं अडकवायची, पण झटका बसला की ते सोडून देणारी पकड. इथली नेहमीची चूक म्हणजे मागचं रबर पार आत दाबणं, ‘फेकताना शिसं पडेल’ या भीतीने. मग ते अडकल्यावरही सुटत नाही. रबर अर्धंच चढवा, रिगची दोरी एका हातात धरून शिसं दुसऱ्या हाताने ओढून बघा. बेताच्या झटक्याने सुटलं पाहिजे. ते सुटत नसलेली रिग पाण्यात टाकूच नये.

मुख्य दोरी १५ पौंडी मोनो (एकाच तंतूची नायलॉन दोरी), जाडी सुमारे ०.३५ मिलिमीटर. न ताणणारी ब्रेड लांबवरचा इशारा छान देते, पण खडीवर पटकन कातरते, माशाच्या तोंडाला इजा करू शकते, आणि बऱ्याच पाण्यांवर तिला परवानगी नसते. मोनोचे शत्रू दोन: ऊन आणि दगड. ऊन तिला हळूहळू ठिसूळ करतं, म्हणून रील उघड्यावर वाळत ठेवू नयेत. दगडाची इजा शेवटच्या ५-१० मीटरमध्ये होते. दोरी ओठांतून किंवा दोन नखांमधून सरकवा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून नव्याने गाठ मारा. कापलेल्या तुकड्याचे बारीक तुकडे करून घरी न्या, पक्ष्यांच्या पायात अडकतात. दर हंगामाला दोरी बदलायचीच.

रीलवर भरताना दोरी ओल्या फडक्यातून, ताणात घ्या. स्पूलच्या (दोरी गुंडाळायच्या फिरकीच्या) कडेपासून साधारण २ मिलिमीटर खाली थांबा. कमी भरली तर फेक आखडते, जास्त भरली तर वेटोळी सुटून गुंता होतो. स्पूलच्या कडेवर बोट फिरवून चराही शोधा. एक बारीक चरा प्रत्येक फेकीत दोरी तासतो.

रील निवडताना बेअरिंगच्या आकड्यापेक्षा ड्रॅग बघा, म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सोडणारा ब्रेक. दोरी स्प्रिंगच्या काट्याला बांधून ओढा. १५ पौंडीला चार पौंडांच्या, म्हणजे १.८ किलोच्या आसपास सुटावी आणि सुटताना धक्का देऊ नये. आधी अडून मग सुटणारा ड्रॅग काठाजवळ आलेला मासा तोडून देतो. घरी ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर वॉशर दबून चिकटतात. त्यांच्यावर तेल मात्र ओतू नका. सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे लाइन रोलर, दोरी जिच्यावरून वळते ती छोटी चकरी. तो फिरेनासा झाला की दोरी एकाच जागी घासते, पीळ पडतो, आणि दोष दोरीच्या कंपनीला मिळतो. तिथे तेलाचा एक थेंब, गिअरला ग्रीस, बाहेरून ओलसर फडकं. रील नळाखाली जोरात धुतलं तर वाळू आत ढकलली जाते.

आता रॉड. १२ फूट, टेस्ट कर्व्ह २.७५ ते ३.५ पौंड. टेस्ट कर्व्ह म्हणजे शेंडा काटकोनात वाकायला लागणारं वजन. ढोबळ हिशेबाने दर पौंडामागे एक औंस शिसं, म्हणजे ३ पौंडी रॉडला सुमारे ८५ ग्रॅम. जवळच्या पाण्याला ३.५ घेतला तर काठालगत झटके सोसायला लवचीकपणा राहत नाही आणि गळ सुटतो. रिंगांमधून कापसाचा बोळा फिरवा, तडा असेल तर धागा अडकतो. सांध्यात थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. झिजून ती मिटली की सांधा ढिला पडतो, तेव्हा आत जाणाऱ्या भागावर मेणबत्तीचं मेण चोळा. अडकलेला सांधा रिंगांना धरून कधी पिळू नका. आणि कार्बन वीज वाहून नेतो: वरून तारा जात असतील तर ३० मीटर तरी दूर राहा, गडगडाट ऐकू आला की रॉड खाली.

माशासाठी लागणाऱ्या सामानात काटकसर करू नये. मासा उचलायच्या नेटचे दांडे ४२ इंची, जाळी मऊ आणि बिनगाठीची. मासा ठेवायची मॅट जाड, कडा उंच असलेली. गडद मॅट उन्हात तापते, म्हणून मासा ठेवण्याआधी बादलीभर पाणी ओता, हातही ओले करा. कोरड्या स्पर्शाने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच त्याचं संसर्गापासून रक्षण करतो. वजनाची झोळी ओली करून मगच काटा शून्यावर आणा. गळ काढायला चिमटा हाताशी हवा, पिशवीच्या तळाशी नाही. एका पाण्यातून दुसऱ्यात जाताना नेट, मॅट, झोळी धुऊन पूर्ण वाळवा. कोई हर्पीस विषाणू ओल्या सामानाबरोबर प्रवास करू शकतो आणि त्याने तळ्यातले कार्प मोठ्या संख्येने मरतात.

तंबूचं थोडक्यात. आत ओल दिसली म्हणजे गळतीच असं नाही. बहुतेक वेळा ती श्वासाची वाफ असते, दार थोडं उघडं ठेवा. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. साबणाने धुतला तर पाणी झटकणारा लेप जातो. डीईईटी असलेलं डासांचं मलम लावलेले हात (मासा लागल्याचा इशारा देणाऱ्या) अलार्मच्या प्लॅस्टिकला आणि रॉडच्या वार्निशला लावू नका, दोन्ही विरघळतात. अलार्ममधली बॅटरी हंगाम संपताच काढा. ती पाझरली असेल तर पट्ट्यांवरचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, कोरडं करा, आणि अलार्मच्या, दोरीने फिरणाऱ्या चाकात वाळूचा कण अडकलाय का तेही तेव्हाच बघून घ्या.