सोड्याची दुसरी बरणी

आमच्या घरात खायच्या सोड्याच्या दोन बरण्या आहेत. आईच्या बरणीतला सोडा चिमटीने निघतो, माझ्या बरणीतला वजनकाट्यावर. माल एकाच वाण्याकडचा. तरी ढोकळ्याच्या वेळी तिचा सोडा संपला, तर ती मला खाली दुकानात पिटाळते, माझ्या बरणीला हात लावत नाही. "माशांची आहे ती," म्हणते. जणू उष्टीच झाली.

हॉलमध्ये 100 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन क्लाऊनफिश, चार-पाच शंखवाल्या गोगलगायी आणि दगड. प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला बसतात, त्यामुळे तो मोह कधीच सोडला. मला वाटलं, प्रवाळ नाहीत म्हणजे अल्कलिनिटीची कटकटही नाही.

कटकट आहेच. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. ती शिल्लक असेपर्यंत पीएच हूं की चूं करत नाही. संपली की धाडकन खाली. आणि ती खर्च होतच असते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल सुटतं. शिवाय दगडांवर जांभळट शेवाळाचे जे डाग सुंदर दिसतात ना, तेही चुन्याचेच, आणि चुना बांधायलाही अल्कलिनिटीच खर्ची पडते. गोगलगायींना शंख वाढवायचा असतो तो वेगळा.

मोजायचं काम रविवारी. काचेच्या नळीत 5 मिली पाणी घ्यायचं, औषधाचा थेंब टाकायचा, हलवायचं. पाणी निळं होतं. मग थेंब मोजत जायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत. जितके थेंब, तितकी अल्कलिनिटीची डिग्री (तापमानाची नव्हे). समुद्राचं पाणी साधारण 7 वर पिवळं होतं, मी 8 धरून चालतो. भांडण होतं ते मधल्या हिरव्यावरून. ट्यूबलाइटखाली मला जे पिवळं दिसतं, ते मुलीला पोपटी दिसतं. "बाबा, अजून एक." ती म्हणते ते बहुधा खरं असतं. हल्ली मी 10 मिली पाणी घेतो, म्हणजे एक थेंब अर्ध्या डिग्रीचा होतो आणि भांडणही अर्ध्यावर येतं.

5 मिली घेत होतो तेव्हा, एका रविवारी पाचव्याच थेंबाला पिवळं झालं. हिशेब सोपा होता: 100 लिटरला 3 ग्रॅम सोडा, एक डिग्री वर, दिवसाला एका डिग्रीपेक्षा जास्त नाही. तीन दिवसांचं काम. पण भाजलेल्या सोड्याने पीएचही चढतो असं कळलं होतं, आणि मला ते करून बघायचंच होतं. स्टीलच्या कढईत सोडा मंद आचेवर ठेवला. कोरडीच पूड, पण उकळी फुटल्यासारखी हलायला लागली, मधून मधून फुस्स करून वाफ. 100 ग्रॅमचे 63 ग्रॅम उरले. आई दारात उभी राहून बघत होती. "रवा तरी भाजायचास," एवढंच म्हणाली.

त्यातला पावणेसहा ग्रॅम, म्हणजे तीन डिग्रीचा ऐवज, पेलाभर पाण्यात ढवळून मी एकदम ओतला. टाकीत तांदळाचं धुवण ओतल्यासारखं झालं. मासे कोपऱ्यात जाऊन दडले, हीटरवर पांढरा थर बसला. तो नंतर व्हिनेगरमध्ये बुडवून काढावा लागला. संध्याकाळी पाणी निवळल्यावर मोजलं, तर अवघे सहा थेंब. बाकीचं पाण्यातलं कॅल्शियम सोबत घेऊन खडू होऊन तळाशी बसलेलं.

आता कच्चाच सोडा, 3 ग्रॅम, तांब्याभर आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून पंपाच्या धारेत सावकाश सोडतो. मासे अजूनही तांब्या दिसला की आधी कोपऱ्यात जातात. परवा आईने विचारलं, "तुझ्याकडे तो ईनो नाही का चालत? चटकन फसफसतो." त्यात सायट्रिक आम्ल असतं, जेवढं घालावं तेवढं तेच खाऊन टाकेल, असं मी तिला बराच वेळ समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ढोकळ्याला तो चालतो ना? आण येताना."