सभासदाचा प्रश्न आणि आमचं पान : आमची वाटचाल

दादर पश्चिमेला आमचं छोटं कार्यालय आहे. गृहनिर्माण संस्थांची कागदपत्रं तयार करून देणं हा आमचा मूळ व्यवसाय. सभेचं इतिवृत्त, शेअर ट्रान्सफर, नॉमिनेशन, डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरनं जमीन संस्थेच्या नावे करून दिली नाही, तर शासनाकडून ती करून घेणं) अशी कामं. लोक येत, काम सांगत आणि निघता निघता हमखास विचारत, ‘भाडेकरू ठेवला तर सोसायटी किती जादा घेऊ शकते हो?’ अशा प्रश्नांची खात्रीची उत्तरं मराठीत मिळावीत, एवढ्यासाठी आम्ही वेबसाइट सुरू केली.

मराठी मजकूर इंटरनेटवर होता, पण बराचसा शिळा. पुनर्विकासाचंच घ्या. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली शासनानं ३ जानेवारी २००९ ला दिलेल्या निर्देशांनुसार सभेच्या गणपूर्तीला, म्हणजे किमान हजेरीला, तीन चतुर्थांश सभासद लागत. ४ जुलै २०१९ ला नवे निर्देश आले. त्यानुसार गणपूर्ती दोन तृतीयांशांवर आली आणि निर्णयासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती पुरेशी ठरली. तरीही जुना नियम सांगणारी पानं सर्चमध्ये वर दिसत आणि सेक्रेटरी काका त्यांचंच प्रिंट घेऊन आमच्याकडे येत. चुकीच्या नियमावर ठराव झाला की पुढे सगळी बिल्डिंग अडकते. म्हणून आमच्या प्रत्येक पानावर शासन निर्णयाची तारीख, शेवटची पडताळणी कधी झाली आणि कोणी केली, हे लिहिलेलं असतं. आमच्या वकील ताईंनी वाचल्याशिवाय एकही पान बाहेर जात नाही.

ट्रॅफिक कसं वाढलं, हे नव्यानं साइट काढणारे फार विचारतात. त्यांना मी आधी सर्च कन्सोल हे गूगलचं साधन उघडायला सांगतो. लोकांनी काय टाइप केल्यावर आपलं पान दिसलं, ते तिथे कळतं. आमचे निम्मे वाचक मराठी प्रश्न रोमन लिपीत टाइप करतात, हे आम्हाला तिथेच दिसलं. एखादं पान पुष्कळदा दिसतंय पण त्यावर क्लिक होत नाही, असं आढळलं की आम्ही शीर्षक आणि पहिली दोन वाक्यं नव्यानं लिहितो. भाडेकरूच्या प्रश्नाचं पान कायद्याच्या प्रस्तावनेनं सुरू व्हायचं. आता पहिलंच वाक्य सांगतं, की नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घर भाड्यानं दिल्यावर सोसायटी घेते ते जादा शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. अपवाद आणि हिशेबाचा नमुना त्याखाली. एकाच विषयावरची चार तुटपुंजी पानं एकत्र करून एक भरघोस पान केलं आणि जुन्या पत्त्यांना ३०१ रीडायरेक्ट लावलं, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नव्या पानावर जातो. त्यानंतर ते पान हळूहळू वर सरकलं. यात काही महिने जातात, आणि तेवढी कळ काढावीच लागते.

गूगलनं फेब्रुवारी २०११ मध्ये सर्चमध्ये ‘पांडा’ नावाचा बदल आणून उथळ मजकूर खाली ढकलला. ऑगस्ट २०२२ च्या ‘हेल्पफुल कंटेंट’ अपडेटचा रोखही तोच होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गूगलच्या गुणवत्तेच्या निकषांत प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. उपनिबंधक कार्यालयात स्वतः फाइल घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांनी लिहावं, याहून चांगली बातमी आमच्यासाठी कोणती असणार?

वेगाकडेही लक्ष दिलं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते. आम्ही अक्षरांची एकच जाडी ठेवली, तीही डब्ल्यूओएफएफ-२ या फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, कारण आमचा वाचक लोकलमध्ये उभ्यानं वाचत असतो.

पैशांचं सांगायचं तर जाहिरातींतून थोडंच मिळतं. खरा फायदा, पान वाचून काम घेऊन येणाऱ्या संस्थांचा. बिल्डरांकडून पैसे घेऊन लेख छापण्याचे प्रस्ताव येतात, लिंक विकत देणाऱ्यांचे मेल तर रोजचेच. दोघांनाही नकार देतो. आमचं पान वाचणारा सभासद उद्या आपल्या घराच्या करारावर सही करणार असतो, त्याच्या आणि नियमाच्या मध्ये कुणाची जाहिरात येऊ देणं मला मान्य नाही.

सध्या स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे बिल्डरकडे न देता संस्थेनंच करायच्या पुनर्विकासाचा, विभाग लिहितो आहोत. त्याबद्दलचा १३ सप्टेंबर २०१९ चा शासन निर्णय सोप्या मराठीत मांडून झाला आहे. आता मुलुंड, चेंबूर, गोरेगाव भागांत ज्या संस्थांनी हा मार्ग धरला, त्यांच्या कमिटीला भेटून परवानगी कुठे रखडली, कर्जाला कोणते कागद लागले, हे विचारत आहोत. त्यांच्या होकारानं जेवढं छापता येईल, तेवढंच साइटवर जाईल.