खान्देशच्या उन्हाळ्यात टिकेल असा प्रोसेसर निवडताना : माझा अनुभव

पाचोऱ्यात मी लग्नांच्या आणि अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंचे संकलन करतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी गाणी पूर्ण करून द्यायची असतात आणि लग्नाच्या मोठ्या तिथीही त्याच सुमारास येतात, त्यामुळे वर्षातले सर्वाधिक काम नेमके एप्रिल आणि मे महिन्यांत, म्हणजे बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असताना करावे लागते. माझा संगणक २०१९ साली जोडून घेतलेला; त्यात एएमडी कंपनीचा रायझन ३ ३२००जी हा चार कोअरचा (चार गणन-केंद्रांचा) प्रोसेसर आणि बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) होता. जे गाणे जानेवारीत अर्ध्या तासात तयार होऊन बाहेर पडे, तेवढ्याच लांबीच्या गाण्याला मे महिन्यात पाऊण तास लागू लागला. आधी मला सॉफ्टवेअरचा संशय आला. मग एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावून पाहिला, तेव्हा प्रोसेसर ९५ अंशांना टेकलेला आणि त्याचा वेग सतत खाली घसरत असलेला दिसला. संगणक बंद पडत नव्हता. स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी तो हळू चालत होता.

नवा प्रोसेसर घ्यायचा हे तेव्हाच ठरले, पण कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी एक गोष्ट मला नीट समजून घ्यावी लागली. प्रोसेसरवर बसवायचा कूलर पंख्याचा असो की पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; ठरावीक भार असताना तो प्रोसेसरला हवेपेक्षा अमुक इतके अंश वर रोखून धरतो, एवढेच त्याचे काम. परीक्षणांमध्ये दिलेली तापमाने बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेली असतात. माझी संकलनाची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे आणि मे महिन्यात दुपारी तिथे ४१ अंश असतात. म्हणजे परीक्षणात ६५ अंश लिहिले असतील तर माझ्याकडे ते ८० च्या वर जाणार, हे गृहीत धरूनच निवड करणे भाग होते.

पर्याय तसे पुष्कळ होते. इंटेलचा आय५-१२४०० चांगला वाटला. पण त्याचे सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, एलजीए १७०० असल्यामुळे मदरबोर्डही नवा घ्यावा लागला असता, आणि खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असले तरी पूर्ण जोर लावताना तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटसाठी बोर्डाबरोबर डीडीआर५ रॅमही बदलावी लागते. माझा बोर्ड एएम४ सॉकेटचा आणि ३२ जीबी डीडीआर४ रॅम अजून चांगली, म्हणून त्याच सॉकेटमध्ये बसणारा प्रोसेसर घेण्याचे ठरवले. शेवटी तुलना उरली ती रायझन ७ ५८००एक्स आणि ५७००एक्स यांची. दोन्ही आठ कोअर आणि सोळा थ्रेडचे (एका वेळी सोळा कामे हाताळणारे), कमाल वेग अनुक्रमे ४.७ आणि ४.६ गिगाहर्ट्झ. कागदावर एक १०५ वॅटचा आणि दुसरा ६५ वॅटचा आहे. प्रत्यक्षात सॉकेटमधून घ्यायच्या विजेची मर्यादा पहिल्याला १४२ वॅट आणि दुसऱ्याला ७६ वॅट आहे. वेगातल्या एवढ्याशा फरकासाठी जवळपास दुप्पट उष्णता खोलीत ओतणे मला मुळीच पटले नाही. शिवाय माझ्या बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, म्हणजे व्हीआरएमवर, उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंकसुद्धा नाही. पुण्याच्या वातानुकूलित कार्यालयात ५८००एक्स खुशाल चालेल. खान्देशातल्या स्लॅबखालच्या खोलीसाठी मी ५७००एक्स घेतला.

सुसंगतीच्या बाबतीत मात्र मी चुकलो. दुकानदाराने सांगितले की बोर्ड एएम४ आहे, प्रोसेसरही एएम४ आहे, मग चालणारच. आणि मी त्यावर विश्वास ठेवला. प्रोसेसर बसवला, पंखे फिरले, पण पडद्यावर काहीच उमटले नाही. ३२००जीमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असते आणि ५७००एक्समध्ये ते नसते, म्हणून पडद्याची केबल बोर्डाला लावली आहे की ग्राफिक्स कार्डाला, हेही तपासले. ती कार्डालाच होती. खरे कारण बायोसचे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामचे होते. बी४५० बोर्ड २०१८ साली बाजारात आले आणि ५००० मालिकेचे प्रोसेसर त्यानंतर दोन वर्षांनी. जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नव्हता. मदरबोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकापुढे बायोसची किमान आवृत्ती लिहिलेली असते. ती यादी खरेदीपूर्वी पाहायला हवी होती. जुना प्रोसेसर परत बसवला, पेन ड्राइव्हवरून बायोस अद्ययावत केला, आणि त्या पाच मिनिटांत वीज जाऊ नये म्हणून संगणक यूपीएसवर ठेवून, बाहेर तारांवरचा विजेचा भार कमी झाल्यावर रात्री अकरानंतर हे काम केले. अद्ययावत होत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो.

५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही. ओळखीच्या दोघांनी पाण्याचा, म्हणजे लिक्विड कूलर घे असा आग्रह धरला. परंतु त्याचा रेडिएटरही (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) शेवटी खोलीतल्या त्याच ४१ अंशांच्या हवेवर चालतो, आणि ऐन लग्नसराईत त्याचा पंप बिघडला तर दुसरा मिळेपर्यंत काम ठप्प होणार. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर मला जास्त भरवशाचा वाटला. पंखा बिघडला तर तो जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाऊन त्याच दिवशी आणता येतो. विकत घेण्याआधी प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले, ते १६ सेंटिमीटर भरले, म्हणून १५५ मिलिमीटर उंचीचा कूलर निवडला. त्याचा पंखा पहिल्या रॅमपट्टीवर येतो का, हेही पाहावे लागते.

एवढे करूनही एक अडचण आलीच. एएम४ बोर्डावर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या दोन पट्ट्या असतात आणि अनेक टॉवर कूलर त्यांनाच आकड्याने अडकतात. माझा जुना कूलर चार स्क्रूंनी थेट बसत असल्यामुळे २०१९ साली जोडणाऱ्याने त्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या. त्या परत मिळवण्यासाठी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. तिथे एका दुरुस्तीवाल्याने जुन्या सुट्या भागांच्या डब्यातून दोन पट्ट्या शोधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. ‘भाऊ, या पट्ट्या कुणी जपून ठेवत नाही’ असे तो म्हणाला. आता मी माझ्या सगळ्या ओळखीच्यांना त्या जपून ठेवायला सांगतो.

जुना कूलर काढण्याआधी, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट मऊ व्हावी म्हणून, संगणक दहा मिनिटे जोरात चालवला, नंतर बंद करून वीज काढली आणि कूलर सरळ वर न ओढता आधी हलकेच डावीउजवीकडे फिरवला. एएम४ प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात. सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येऊ शकतो आणि पिना वाकू शकतात. स्क्रू सोडताना बोर्डामागची धातूची पट्टी एका हाताने धरून ठेवावी लागते, नाहीतर ती मागे गळून पडते. नव्या प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि हवा मागच्या पंख्याकडे जाईल अशा दिशेने कूलर बसवला.

मे महिन्यात, खोलीत ४१ अंश असताना, सलग संकलनात तापमान ८४ अंशांवर स्थिरावले. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे, म्हणजे वेग घटला नाही, पण वाव फारच थोडा राहिला. म्हणून बायोसमध्ये विजेची मर्यादा ७६ वरून ६५ वॅट केली. तापमान ७८ वर आले आणि एका गाण्यामागे जेमतेम अर्धा मिनिट जास्त लागला.

त्यानंतर आईने संगणक खाली जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, खोलीत ठेवायला सुचवले. मातीच्या धाब्याखाली त्याच दुपारी ३६ अंश होते. खोलीतली हवाच पाच अंशांनी थंड करणे प्रोसेसरच्या कोणत्याही महागड्या कूलरला जमले नसते, म्हणून संगणक तिथेच हलवला. धाब्यातून माती झडते, आणि जवळच जिनिंग (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) असल्याने दिवाळीनंतर कापसाचे तंतूही हवेत येतात. त्यासाठी वर जाड कापडाची चांदणी बांधली आहे आणि कॅबिनेटच्या पुढची जाळी दर रविवारी काढून धुतो.