सारखं लिहीत का बसता?

"सिस्टर, पेशंटकडे बघायचं सोडून तुम्ही सारखं लिहीत का बसता?" नातेवाईक विचारतात, पेशंट विचारतात, घरचेही विचारतात. बावीस वर्षं मी "नियम आहे" म्हणून वेळ मारून नेली. आज सांगते.

वेदनाशामक इंजेक्शन किती वाजता दिलं, युरिन किती झाली, ॲलर्जी कशाची, हे लिहिलं नाही तर माझ्याबरोबर घरी निघून जातं. पुढच्या सिस्टरनं तोच डोस पुन्हा देऊ नये म्हणून ती सही असते. ही कारकुनी नव्हे, हे मी भांडून सांगते. भांडताना एक रात्र मात्र गाळते.

नोकरीचं चौथं वर्ष. नाइट ड्यूटी, तीस पेशंट, आम्ही दोघी. सात नंबरच्या काकांचा आतड्याच्या ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. बी.पी., पल्स, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) मशीन सांगायचं. श्वास मोजायला मात्र छातीकडे बघत मिनिटभर उभं राहावं लागे. एवढं कोण थांबणार? त्या रकान्यात आम्ही सगळ्याच डोळे झाकून २० लिहायचो. मी दहाला २० लिहिलं, दोनला २०, सहाला २०. सहाला काका पाठीशी उशी घेऊन बसलेले. "झोपच नाही हो. काहीतरी होतंय," म्हणाले. सॅच्युरेशन ९४ होतं. "गॅसेस असतील. डॉक्टर येतीलच राउंडला," म्हणून मी पुढच्या बेडकडे गेले.

आठला सकाळच्या सिस्टरनं घड्याळ लावून मोजले. ३४. तासाभरात काका आय.सी.यू.त. आतड्याची शिवण सुटली होती, सेप्सिस झालं होतं, म्हणजे संसर्ग जिवावर बेतला होता.

तब्येत बिघडतेय हे श्वास फार लवकर सांगतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली 'न्यूज' (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाचा तक्ता काढला; जितके गुण जास्त तितका धोका जास्त. त्यात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण आणि २५ किंवा त्याहून जास्त श्वासांना थेट तीन. एका रकान्यात तीन आले तरी तातडीनं पेशंट बघायचा. म्हणजे आमचं लाडकं २० नेमकं 'सगळं ठीक'च्या उंबरठ्यावरचं.

तेव्हाची मी अजून वाद घालते: तीस पेशंट म्हणजे एका फेरीत नुसते श्वास मोजायलाच अर्धा तास. बाकीचं कोण करणार? बरोबर आहे बाई. पण काकांना एकच मिनिट लागत होतं, आणि ते तर स्वतःहून सांगत होते. त्यावर ती गप्प बसते. तिच्या अर्ध्या तासाचं उत्तर मात्र मलाही आजवर सापडलेलं नाही.

काका वाचले. डिस्चार्जच्या दिवशी काकूंनी माझा हात धरला. "त्या रात्री तुम्ही डोळ्याला डोळा न लावता लिहीत होतात, मी बघत होते ना." मी "काळजी घ्या" एवढंच म्हटलं. त्या तीन विसांबद्दल मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढे चार्ट कसा भरावा याचं ट्रेनिंग झालं, ड्यूटी संपल्यावर. सर्टिफिकेट मिळालं. शिवाय भरायला एक नवा फॉर्म आला.

आता मी मोजते. सगळ्यांचे होत नाहीत. ज्यांचे राहतात त्यांचा रकाना कोरा सोडते. कोऱ्या रकान्यांसाठी मला आजवर दोन मेमो मिळालेत. २० साठी एकही नाही.