उतारावरची बाग: आमची वाटचाल

नर्सरीला यंदा 22 वर्षं झाली. त्यातला एक पावसाळा सांगायलाच हवा, त्याचं दुखणं अजून गेलेलं नाही.

जळगावात आक्कांच्या घरापुढं 20 फूट लांबीचं अंगण, त्यात साडेतीन फूट उतार आणि सगळी काळी माती. आम्ही सिमेंटची भिंत बांधली, भर घातली, रोपं लावली. पाणी निघायला भिंतीत छिद्रं ठेवली नाहीत, ही चूक माझी. पावसात माती फुगली, भिंतीला पोट आलं आणि एका रात्रीत मोगऱ्यासकट सगळं गेटबाहेर! शहरातल्याच एका नर्सरीवाल्यानं त्याचे फोटो माझ्या गिऱ्हाइकांना दाखवत फिरवले. ठरलेली 5 कामं गेली. मजुरी चुकवायला बायकोची पोत गहाण पडली. चूक माझी होती, पण फोटो फिरवायची काय गरज होती?

आक्का एवढंच म्हणाल्या, "आधी चहा घे. मग सांग, काम कधी सुरू करतो."

या वेळी आप्पा गवंडी सोबत होते. त्यांची पाणसळ, म्हणजे दोन जागांची पातळी जुळवायची पाणी भरलेली 30 फुटांची पारदर्शक नळी. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकायचे, म्हणजे भर उन्हातही पातळी डोळ्याला दिसते. त्या नळीवर आम्ही 3 टप्पे पाडले. सिमेंट नाही, नुसते काळे दगड, किंचित मागं कललेले. दगडांमागं वीतभर मुरूम आणि खडी. कडेला वाळा, त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात.

मग झाडं. उन्हाळ्याला बोगनवेल आणि मोगरा, पावसाळ्याला तगर, श्रावणापासून दिवाळीपर्यंत पारिजातक, थंडीत शेवंती. कण्हेर तर बारमाही.

त्याच नर्सरीवाल्यानं समोरच्या बंगल्यात उतारावर लॉन अंथरलं. मे महिन्यात पारा 45 वर गेला. पाणी मुरायच्या आत रस्त्यावर पळायचं, वरची कड वाळून पिवळी पडली. लोकांनी दोन्ही अंगणं पाहिली आणि कामं परत आली.

उतारावर बाग करणार असाल तर रोपं आणायच्या आधी एक पावसाळा पाणी कुठून धावतं ते बघा. काळ्या मातीला भेगा पडल्या की त्यात नुसतं पाणी सोडू नका, आधी शेणखत आणि पालापाचोळा घाला. पाणी सकाळीच द्या.

आप्पा आता नाहीत. गेल्या महिन्यात आक्कांकडं गेलो, तर मधल्या टप्प्याचा एक दगड सुटलेला. आप्पांचीच नळी लावून तो बसवून आलो.