पूल म्हणजे वीस हजार, घर म्हणजे पाच लाख

डिसेंबर 2024 मध्ये आई-बाबांना घेऊन व्हिएतनामला जाऊन आले, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय. हालाँग बेचे फोटो सगळेच टाकतात, मला तिथल्या पैशांबद्दल लिहायचंय, कारण आठ दिवस आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता.

आमचे बाबा रिटायर्ड कॅशियर. आयुष्यभर नोटा मोजलेला माणूस, त्यामुळे ट्रिपची कॅश त्यांच्याकडे हे न बोलताच ठरलेलं. ठाण्यातून निघताना मी डॉलर घेतले होते, आणि हनोईला पोचल्यावर त्यातले 400 बदलायचे होते. तिथे जुन्या भागात सोनाराच्या दुकानात रेट चांगला मिळतो असं बरेच जण सांगतात, पण परवाना नसलेल्या दुकानात पैसे बदलणं तिथे बेकायदा आहे. 2018 मध्ये कान थो शहरात एका इलेक्ट्रिशियनने सोनाराकडे फक्त 100 डॉलर बदलले तर त्याला तिथल्या चलनात 9 कोटी डाँग दंड ठोठावला होता (नंतर माफ केला म्हणे, पण तोवर बिचाऱ्याचं काय झालं असेल). हे ऐकल्यावर बाबा सरळ बँकेत. पासपोर्ट दाखवा, फॉर्म भरा, सह्या करा, बाबा एकदम खूश, जुन्या ऑफिसात आल्यासारखे.

आणि हातात आले 1 कोटी डाँग. म्हणजे साधारण 33 हजार रुपये, पण आई म्हणाली, "अहो, एक कोटी, जरा सांभाळून हं," आणि पर्स छातीशी धरून बसली ती हॉटेल येईपर्यंत.

हिशेब तसा सोपा आहे, शेवटची तीन शून्यं खोडायची आणि उरलेल्याला तीनने गुणायचं, वर थोडे टाकायचे. मेनूकार्डवर पण 50,000 ऐवजी 50 के असंच लिहितात. पण डोक्याला कळलं तरी हाताला कळत नाही. पहिले दोन दिवस कॉफीचे 45,000 ऐकून पोटात गोळा यायचा, आणि तिसऱ्या दिवशी उलटंच झालं, काहीच वाटेना, 4 लाखाची बॅग 3 लाखाला मिळाली म्हणून मी नाचतेय आणि मग हॉटेलवर येऊन गुणाकार केला तर साडेतीनशे रुपयांसाठी वीस मिनिटं घासाघीस केली होती.

सगळ्यात जास्त चुकल्यासारखं झालं ते फोनचं. इथे आपण वडापाव पण स्कॅन करून खातो. तिथेही फळवाल्या बाईच्या टोपलीला क्यूआर लटकवलेला, लोक पटापट स्कॅन करून जाताहेत, पण तो चालतो त्यांच्या बँकेच्या अकाउंटवर. आमचं यूपीआय नुसतं बघत बसलेलं. कॅशशिवाय पर्याय नाही, आणि सुट्ट्याला नाणी नाहीतच, सगळा नोटांचा गठ्ठा. कार्ड फक्त हॉटेलात आणि मोठ्या दुकानांत. तिथेही मशीन विचारतं की रुपयात की डाँगमध्ये, तेव्हा डाँगच दाबा, रुपयात रेट महाग पडतो. एका हॉटेलात आम्हाला न विचारताच रुपयात लावलं, मोबाईलवर मेसेज आल्यावर कळलं, रेट बघून बाबांचा चेहरा असा झाला की मी परत काउंटरवर जाऊन रद्द करून घेतलं. (माझ्या कार्डला तसाही परदेशातल्या खर्चावर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, त्यावर 18 टक्के जीएसटी. आणि निघण्यापूर्वी ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा, नाहीतर नुसतं प्लास्टिक.)

आता मुख्य किस्सा. तिथल्या 10 हजारापासून वरच्या नोटा प्लास्टिकच्या, गुळगुळीत, एकीला एक चिकटतात. बाबांची अंगठा फिरवून मोजायची सवय तिथे फेल. शिवाय प्रत्येक नोटेवर त्यांचे राष्ट्रनेते हो ची मिन्हच, आणि 20 हजाराची निळी, 5 लाखाचीही निळसरच. होई आन या जुन्या गावात संध्याकाळी नदीकाठी कागदी दिवे सोडतात, आईला सोडायचा होता. एका आजीकडून घेतला, 20 हजार. अंधार, वर पाऊस भुरभुरतोय, बाबांनी निळी नोट दिली, आजी हसल्या, आम्ही हसलो, दिवा पाण्यात.

रात्री बाबांची डायरी. हिशेब जुळेना. 4 लाख 80 हजार कमी. तीनदा मोजलं, गादी उलटी केली, मग आईनेच हळूच विचारलं, "त्या दिव्यावालीला कुठली दिलीत?" बाबा काही बोलले नाहीत. सोळाशे रुपये ही काही मोठी रक्कम नाही हो, पण इतकी वर्षं कॅश सांभाळलेल्या माणसाला विचारा. जेवलेही नाहीत नीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला जुना जपानी पूल बघायला गेलो, दुरुस्तीनंतर त्याच ऑगस्टमध्ये उघडलेला. मी फोटो काढतेय तर आई बाजूला उभी राहून एकदा पुलाकडे, एकदा हातातल्या नोटेकडे बघतेय. "अगं, हा तोच आहे!" 20 हजाराच्या मागे तोच पूल छापलाय. मग तिने 5 लाखाची उलटी केली तर त्यावर झाडीतलं घर, हो ची मिन्हचं लहानपणीचं. आईने बाबांना तिथेच पावसात उभं करून पाठ करायला लावलं, पूल म्हणजे वीस हजार, घर म्हणजे पाच लाख, रंगाकडे बघायचंच नाही. आणि वर, "घर असं वाटेल तिथे देऊन टाकायचं नसतं हो." त्यावर मात्र बाबा हसले.

पुढचे सगळे दिवस नोट देण्याआधी उलटी करून बघायची. एक टॅक्सीवाला वैतागला, त्याला वाटलं आम्ही खोटी आहे का बघतोय.

परवा कपाट आवरताना ती डायरी सापडली. त्या दिवसाचं पान बाबांनी नंतर पेनने दुरुस्त केलंय. दिवा - 20,000. त्याखाली, दानधर्म - 4,80,000. बेरीज जुळतेय.