फोटो दाबण्याआधी त्याची रुंदी बघा

पक्ष्यांच्या फोटोंची एक वेबसाइट मी सांभाळते. फोटो पाठवणारे सगळे हौशी छायाचित्रकार. पिसांची रेघ न् रेघ दिसली पाहिजे हा त्यांचा आग्रह आणि तो मला मनापासून पटतो. पण मोबाइलवर गॅलरी उघडली की आधी रिकामे चौकोन दिसायचे, मग फोटो वरून खाली तुकड्यातुकड्याने उतरायचे. इतका वेळ कोण थांबणार?

अशा वेळी सगळे सांगतात, ‘फोटो कॉम्प्रेस कर,’ म्हणजे दाबून फाइल लहान कर. मी आधी मोजायचं ठरवलं. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये, कोणती फाइल किती वेळात उतरते ते दाखवणारा नेटवर्कचा टॅब उघडला, फक्त इमेजेस ठेवल्या, स्पीड स्लो फोरजीवर आणला आणि पान पुन्हा लोड केलं. सगळ्यात जड निघाला एक खंड्या. मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. फोनवर तो दिसत होता जेमतेम ३६० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत. स्क्रीन तिप्पट घनतेची धरली तरी १०८० पिक्सेल रुंदी पुरते आणि तेवढ्यात पिक्सेल होतात पावणेनऊ लाखांच्या आसपास. बाकीचे सगळे पाठवायचे आणि ब्राउझरने ते टाकून द्यायचे, असा प्रकार चालू होता.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. फाइल कितीही दाबली तरी दाखवण्यासाठी ब्राउझरला ती उलगडावीच लागते. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर तो एक खंड्या साधारण ४८ एमबी मेमरी मागतो. गॅलरीत असे वीस-पंचवीस पक्षी असले की साधा फोन अडखळणारच. म्हणून मी क्वालिटीला हात न लावता आधी रुंदी धरली.

प्रत्येक फोटोच्या ४८०, ८००, १२०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या प्रती केल्या आणि सोर्ससेटमध्ये, म्हणजे ब्राउझरने निवडायच्या प्रतींच्या यादीत लिहिल्या. मोबाइलवर लगेच फरक पडला, डेस्कटॉपवर मात्र ब्राउझर अजूनही १६०० चीच प्रत उचलत होता. गॅलरी तीन कॉलमची, मग एवढी मोठी प्रत कशाला? कारण फोटो पानावर किती रुंद दिसणार हे सांगणारं साइझेस हे अ‍ॅट्रिब्यूट दिलेलं नव्हतं. ते नसेल तर फोटो स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचा आहे असं ब्राउझर धरून चालतो. सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी ठरवणारी स्टाइलशीट, हाती येण्याआधीच त्याला प्रत निवडायची असते, मांडणी तेव्हा ठाऊक नसते. मोठ्या स्क्रीनवर एक तृतीयांश रुंदी, लहान स्क्रीनवर पूर्ण, एवढं लिहिल्यावर काम झालं.

मग फॉरमॅट. जेपेगचं स्टँडर्ड १९९२ चं, वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला. सफारीने तो २०२० मध्ये, चौदाव्या आवृत्तीत स्वीकारला, त्यामुळे आता तो वापरायला भीती नाही. एव्हीआयएफ बहुतेक वेळा आणखी लहान होतो, पण फाइल तयार व्हायला वेळ घेतो. ब्राउझरला चालेल तो पहिला फॉरमॅट उचलू देणाऱ्या पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपेग असा क्रम ठेवला.

क्वालिटी ठरवताना मात्र मी घाई केली नाही. एका फॉरमॅटमधला क्वालिटीचा आकडा ७५ आणि दुसऱ्यातला ७५ यांचा एकमेकांशी संबंध नसतो, म्हणून आकडा बाजूला ठेवून डोळ्यांनी तपासायचं ठरवलं. खंड्याच्या गळ्याजवळची बारीक पांढरी पिसं ही माझी कसोटी. क्वालिटी खूप खाली नेली की ती पिसं आधी एकमेकांत मिसळतात, मग कापसासारखी दिसायला लागतात, आणि मागच्या निळ्या आकाशात पट्टे उमटतात. लाल चोचीचं दुखणं वेगळंच निघालं. हिरव्या पानावर तिची कड पसरट दिसत होती आणि क्वालिटी वाढवूनही सुधारत नव्हती. वेबपीच्या लॉसी, म्हणजे थोडी माहिती गाळणाऱ्या प्रकारात रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच ठेवली जाते, उजेडाची मात्र पूर्ण. एव्हीआयएफ आणि जेपेगमध्ये रंगही पूर्ण ठेवता येतो. अशा फोटोंना मी वेबपीमधून वगळलं. थोडे केबी जास्त गेले तरी चालतील, चोच नीट दिसायला हवी.

एवढं करूनही एलसीपी, म्हणजे पहिल्या स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा घटक दिसेपर्यंतचा वेळ, २.५ सेकंदांच्या आत येईना. फाइल आता हलकी होती, पण ती मागवलीच उशिरा जात होती. वरचा मोठा फोटो सीएसएसमध्ये बॅकग्राउंड म्हणून होता, त्यामुळे स्टाइलशीट उतरेपर्यंत ब्राउझरला त्याचा पत्ताच नव्हता. तो साध्या इमेज टॅगमध्ये आणला आणि फेचप्रायॉरिटी हाय केली, म्हणजे तो आधी मागव असं ब्राउझरला सांगितलं. लेझी लोडिंग, म्हणजे फोटो नजरेच्या टप्प्यात आल्यावरच मागवणं, फक्त खालच्या फोटोंना ठेवलं. पहिल्याच स्क्रीनवरच्या फोटोला ते लावणं म्हणजे उशीर ओढवून घेणं. प्रत्येक टॅगमध्ये रुंदी-उंचीही लिहिली, त्यामुळे वाचताना मजकूर खाली ढकलला जाणं थांबलं.

मेटाडेटाबद्दल, म्हणजे फाइलमध्ये फोटोसोबत दडलेल्या माहितीबद्दल, मला तळमळीने सांगायचंय. कॅमेरा लिहितो त्या एक्झिफ या भागात जीपीएसचे आकडे असू शकतात आणि घरट्याचा फोटो असेल तर तो घरट्याचा पत्ताच ठरतो. वजन काही केबींनीच कमी होतं, तरी हे आकडे काढलेच पाहिजेत. फक्त सरसकट पुसण्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. फोटो कोणत्या बाजूने उभा हेही तिथेच लिहिलेलं असतं, म्हणून आधी पिक्सेल फिरवून घ्यायचे. आणि फोटो अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीत असेल तर आधी वेबवरच्या नेहमीच्या एसआरजीबीत आणायचा, नाहीतर रंग कसे वाचायचे ते सांगणारी कलर प्रोफाइल गेल्यावर रंग फिके पडतात. छायाचित्रकाराचं नाव आणि कॉपीराइट मी फाइलमध्ये ठेवते.

हे सगळं आता अपलोडच्या वेळी स्क्रिप्ट करते. फाइलच्या नावात तिच्या आतल्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे ओळखीचा कोड येतो, म्हणून ब्राउझरला ती वर्षभर कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या साठ्यात ठेवायला सांगता येतं. फोटो बदलला की नावही बदलतं. मूळ फाइल वेगळी जपलेली असते, कारण एकदा दाबलेल्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढली की पिसं आणखी पुसट होतात. छायाचित्रकारांची हरकत फक्त मोठ्या स्क्रीनबद्दल होती आणि ती रास्त होती. त्यांच्यासाठी २४०० पिक्सेलची एक प्रत ठेवली आहे, ती फोटोवर क्लिक केल्यावरच उतरते.